तिसऱ्या फळीवरचा डबा

मी एक जुनी लोखंडी मांडणी आहे. पाच फळ्यांची, हिरव्या रंगाची आणि डाव्या पायाने किंचित लंगडी. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना पुष्कळांचे डोळे भरून येतात. माझे येणार नाहीत. माझ्या अंगावर जे जे रचून ठेवलं गेलं ते आठवलं की मला रडू येत नाही, शिसारी येते. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म ओहायोतल्या नदीकाठच्या एका गावात झाला. वेंडल प्रुएटच्या वडिलांनी मला आपल्या लोखंडी सामानाच्या दुकानासाठी बनवून घेतलं. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या असा माझा संसार होता. म्हातारा मोठा शिस्तीचा. नवा माल आला की तो आधी जुनी खोकी पुढे ओढायचा आणि नवी मागे सरकवायचा. "खिळासुद्धा वाट बघून बघून गंजतो रे," असं लहानग्या वेंडलला सांगायचा. प्रत्येक खोक्यावर जाड मेणाच्या पेन्सिलीने माल आल्याची तारीख लिहायचा. माझ्या फळीवरची कुठलीही वस्तू चार-सहा महिन्यांत कुणाच्या तरी दाराला, छपराला, पाळण्याला लागलेली असे. त्या दिवसांत माझ्या अंगाला तेलाचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो.

पुढे हमरस्त्यावर मोठं दुकान आलं आणि आमचं बसलं. वेंडलने सगळं विकलं, मला मात्र घरी आणलं आणि तळघरात उभं केलं. त्याला माझ्यावर आपली हत्यारं मांडायची होती. पण त्याच्या बायकोने, लॉर्नाने, माझी पहिली फळी झाडली आणि तिथे टूथपेस्टचे सहा डबे ठेवले. वेंडलची हत्यारं तेव्हापासून पायऱ्यांखालच्या बादलीत जाऊन पडली.

लॉर्नाबद्दल मी खोटं बोलणार नाही. ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली. तो अख्खा हिवाळा त्या घराने पावाला केचप लावून काढला. "माझ्या घरात कुणी 'संपलं' हा शब्द बोलणार नाही," असं ती म्हणायची. दर रविवारी ती वर्तमानपत्राच्या चार प्रती आणायची, कात्री घेऊन बसायची, त्यातली सवलतीची कूपनं कापायची आणि जाड वहीच्या कप्प्यांत लावायची. कुठल्या आठवड्यात कुठल्या दुकानात काय स्वस्त होतं हे तिला तोंडपाठ होतं. कूपन आणि दुकानाची सूट अशी काही जुळवायची, की ताठ चेहऱ्याने गाडीभर साबण जवळजवळ फुकट घेऊन यायची. पहिल्या वर्षी मलाही तिचं कौतुक वाटलं. आणलेलं वर जायचं, वापरलं जायचं, जागा रिकामी व्हायची.

मग तिने माझा फोटो काढला.

तिच्यासारख्या कूपनवाल्या बायकांचा इंटरनेटवर एक गट होता. त्या एकमेकींना आपापल्या साठ्याचे फोटो दाखवायच्या. माझ्या फोटोवर दोनशे जणींनी वाहवा केली. झालं! त्या दिवसापासून माझ्यावरची वस्तू वापरायची नसते, ती दिसायची असते, असा घरात कायदा झाला. बाटल्यांची तोंडं एका रेषेत. सगळी नावं समोर. फळीच्या कडेला सुंदर अक्षरात चिठ्ठ्या. नवं सामान आलं की ते पुढे, कारण नव्याचा रंग झकपक दिसतो. जुनं ढकलून मागे. म्हाताऱ्याच्या नेमाच्या अगदी उलट.

वेंडलने थोडे दिवस चेष्टा करून पाहिली. एकदा दुर्गंधीनाशकाच्या चाळीस कांड्यांसमोर उभा राहून म्हणाला, "लॉर्ना, अगं, मला काखा दोनच आहेत."

"हस हस. उद्या महाग झालं की माझ्याकडेच मागशील."

"आणि या मोहरीच्या सॉसच्या बाटल्या? ह्या संपवायच्या तर मला सॉस पावाला नाही, अंगाला लावावा लागेल."

"हात लावू नकोस. ओळ मोडते."

मग त्याने वडिलांची मेणाची पेन्सिल शोधून काढली आणि दोन दुपारी खपून प्रत्येक डब्याच्या दर्शनी भागावर संपण्याची तारीख मोठ्या आकड्यांत लिहिली. मला वाटलं, दुकान परत सुरू झालं. लॉर्ना खाली आली, तिने एक किंकाळी फोडली, आणि फडकं ओलं करून एकूण एक तारीख पुसली. "फोटोत भिंतीवर पोरांनी रेघोट्या मारल्यासारखं दिसतंय!" वेंडल पेन्सिल खिशात घालून वर गेला.

आता माझ्या मागच्या बाजूचं ऐका, कारण ती फोटोत कधी आली नाही. सगळ्यात वरच्या, पाचव्या फळीवरची सरबताची बाटली फुटली आणि तो चिकट पाक माझ्या पाठीवरून ओघळत खाली गेला. त्यावर धूळ बसली, धुळीवर केस, केसांवर मेलेल्या माश्या. कपडे धुण्याची पावडर ओल खाऊन दगड झाली. टोमॅटोचे डबे फुगले. त्यातला एक फुटला तेव्हा जो वास सुटला, तो मला नाक नसतानाही आला. शेवयांच्या पाकिटांत उंदरीण व्याली. गुलाबी, आंधळी सात पिल्लं, आणि त्यांच्याखाली लेंड्यांनी काळी झालेली पाकिटं. त्यांच्या बरोब्बर पुढे, वीतभर अंतरावर, झकपक पाकिटांची ओळ उभी होती आणि दोनशे बायका तिला वाहवा म्हणत होत्या. मित्रांनो, मला स्वतःच्याच अंगाची किळस यायची. घाण उघड्यावर असली तर कुणीतरी झाडू आणतं. पण नटवलेल्या ओळीच्या मागे कोण बघतो?

माझ्या तिसऱ्या फळीवर बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे होते. लेक जोलीन हिचं लग्न झालं त्याच महिन्यात लॉर्नाने ते जमवायला सुरुवात केली. नातवंडाचा पत्ता नव्हता, पण कूपनं होती. तीन ओळी भरल्यावर ती थांबली. फळी भरलेली दिसली की माणसाला वाटतं, आपल्याकडे आहे.

एका दुपारी शेजारची शॉना तळघरात आली. कडेवर तिची पहिली मुलगी होती. "मिसेस प्रुएट, एक डबा उसना द्याल? शुक्रवारी आणून देते. सरकारी मदतीची चिठ्ठी यायला उशीर झालाय."

लॉर्ना शिडीवर चढून ओळी सरळ करत होती. "आज नको गं. आज फोटो टाकायचाय. मधनं एक काढला तर दात पडल्यासारखं दिसेल."

"मागचा दिला तरी चालेल."

"मागचा काढायला पुढचे हलवावे लागतात ना! आणि खरं सांगू, शॉना? एकेक डबा आणून संसार होत नसतो. जरा पुढचा विचार करायला शिक."

शॉनाने "बरं" म्हटलं आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती पायऱ्या चढून गेली. ते डबे तेव्हा ताजे होते. त्या दिवशी माझे स्क्रू सैल असते तर मी लॉर्नाच्या अंगावर कोसळले असते.

तीन वर्षं गेली. जोलीनला मुलगी झाली, ओपल. चार महिन्यांच्या ओपलला डब्याचंच दूध लागत होतं. जानेवारीत त्या मायलेकी आठवडाभर राहायला यायच्या होत्या. लॉर्ना फोनवर ओरडून सांगत होती, "दूध आणू नकोस हं! उगाच ओझं. इथे दुकान आपल्या पायाखाली आहे!"

जोलीनने आईचं ऐकलं. वाटेपुरती एक बाटली घेऊन ती रविवारी सकाळी आली. दुपारपर्यंत बर्फ गुडघ्याच्या वर गेला आणि शेरीफच्या पोलिसांनी रस्ते बंद केले. गाडी काढेल त्याला पकडणार, असं रेडिओवर सांगत होते. आमच्या घरात कुणाला पर्वा? ओपल भुकेने चुळबुळू लागली तेव्हा लॉर्ना गाणं गुणगुणत खाली आली. या दिवसासाठीच तर तिने सगळं केलं होतं. जोलीन मुलीला घेऊन पायरीवर उभी राहिली.

लॉर्नाने पुढचा डबा उचलला आणि तिच्या हातात दिला. जोलीनने तो उलटा केला. तारीख बुडाला छापलेली असते.

"आई, हा दीड वर्षापूर्वीच संपलाय."

"दे इकडे. चुकून आला असेल."

दुसरा डबा दोन वर्षांपूर्वी संपलेला. मागच्या ओळीतले त्याहून जुने. लॉर्ना दोन्ही हातांनी डबे उपसू लागली. एक उलटा करायची, बघायची, जमिनीवर ठेवायची. मागचे डबे पाकाने फळीला चिकटले होते. ते खेचताना सालपट निघाल्यासारखा आवाज आला. शेवटचा डबा निघाला तशी उंदरीण तिच्या मनगटावरून पळाली आणि माझी पाठ पहिल्यांदा सगळ्यांना दिसली. जोलीनने नाकाला पदरासारखी शाल लावली. ओपल आता लालबुंद होऊन रडत होती.

"थोडं जुनं असलं तर काय होतंय..." लॉर्ना पुटपुटली.

"आई, चार महिन्यांची आहे ती!"

वेंडल वरच्या पायरीवरून म्हणाला, "शॉनाचा धाकटा आहे ना, सहा महिन्यांचा? मी जाऊन विचारतो."

"तू नको," लॉर्ना म्हणाली. "मीच जाते."

तेवढ्या बर्फातून ती शेजारी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण ती परत आली तेव्हा तिच्या कोटात एक अर्धा वापरलेला डबा होता. ती माझ्याचजवळ, एक बादली पालथी घालून बसली आणि वेंडलला म्हणाली, "मी काही मागायच्या आधीच तिने डबा हातात दिला. रडणं तिकडेपर्यंत ऐकू येत होतं म्हणाली. तिच्या घरात तो एकच होता, वेंडल. एकच." आणि मग ती ओठ मिटून खूप वेळ रडली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. वासही येत होता.

पुढचे तीन दिवस नवरा-बायको पिशव्या भरत होते. रस्ते उघडले तसा कचऱ्याचा ट्रक आमच्या दारात बराच वेळ थांबला. चांगलं निघालं ते साबण, कांड्या, टूथपेस्ट चर्चच्या गरजूंसाठीच्या शिधाघरात गेलं. मला अंगणात ओढून गरम पाण्याने घासलं. पाण्याचा रंग मी सांगत नाही. तुम्ही जेवायचे असाल.

लॉर्ना दुकानात जाऊन दुधाचे दोन डबे घेऊन आली. कूपन नव्हतं, सूट नव्हती, पूर्ण किंमत मोजली. बारा वर्षांत पहिल्यांदा. एक डबा ती थेट शॉनाकडे देऊन आली. दुसरा तिने माझ्या तिसऱ्या फळीवर मधोमध ठेवला. वेंडल खिशातून पेन्सिल काढून पुढे आला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत थांबला.

"लिही," लॉर्ना म्हणाली. "मोठी लिही."

मित्रांनो, मी मांडणी आहे, उपदेश करणं माझं काम नाही. तरी एक विनवणी करते. जे साठवाल ते कुणाच्या तरी तोंडी लागू द्या, आणि महिन्यातून एकदा माझ्यासारखीच्या पाठीमागे हात घालून बघा. माझ्यावर आता फारसं काही नसतं. हत्यारं परत आली आहेत आणि तेलाचा वासही.

वेंडलने तारीख लिहिली त्या दिवशी जोलीन बाटली धुऊन खाली आली. चकचकीत हिरव्या मांडणीवर एकटा डबा बघून तिला हसू आलं. "आई, फोटो नाही काढायचा?"

"कशाला?" लॉर्ना म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण उघडलं. "चार दिवसांत संपेल तो."