कानबेबाईंची झोप

जपानमधल्या माएबाशीत गाडीतल्या आवाजाला मार्क देण्याची एकच पद्धत होती. कानबेबाईंना गाडीत बसवायचं, दार लावायचं आणि बाहेर उभं राहून काचेतून बघायचं. बाईंना झोप लागली तर आवाज उत्तम. नाही लागली तर बाई खाली उतरून "फार छान" म्हणायच्या आणि गाडीवाल्याला पुढचे दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून दिल्यामुळे त्यांच्या कानाला उरलेलं सगळं जग बेसूर वाटायचं. फ्रिज, लिफ्ट, सूनबाई. घरी त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तोने नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडीत स्पीकर बसवण्याच्या नादाला लागलेली सात-आठ माणसं जमायची, तिथे त्या न चुकता यायच्या. उशी मात्र आणत नसत. तो पक्षपात झाला असता.

नऊ वर्षं ही झोप त्सुनोदाची होती.

त्सुनोदा हिरोनोबु दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर परक्या माणसांचं हसू घासूनपुसून जो काही पगार मिळे, तो गाडीत जायचा. डिकीत तीन अ‍ॅम्प्लिफायर होते, मनगटाएवढ्या जाड तांब्याच्या वायरी होत्या आणि सतरा किलोचा सीडी प्लेअर होता. डिकीत कोबीचा एक गड्डासुद्धा मावत नसल्यामुळे त्याची बायको मिचियो बाजारहाट सायकलवरून करायची. पण पहिल्या रविवारी बाई त्याच्या गाडीत बसल्या, की बंदरावर कुणाची तरी वाट बघत असलेल्या बाईचं एखादं जुनं गाणं लागायचं, दुसऱ्या कडव्यापर्यंत बाईंची मान डावीकडे कलायची, आणि त्सुनोदा बाहेर उभा राहून डब्यातली गार कॉफी अशी प्यायचा जणू काही झालंच नाही.

एप्रिलमध्ये नेमोतो आला.

नेमोतो ताकुमा, वय अठ्ठावीस, कोन्याकूच्या, म्हणजे कंदापासून केलेल्या राखाडी, लिबलिबीत वड्यांच्या कारखान्यात कामाला. त्याची व्हॅन इतकी छोटी, की दोन माणसं बसली तर एकाने श्वास घ्यावा आणि दुसऱ्याने सोडावा. अ‍ॅम्प्लिफायर एक, तोही पायाशी. सीडी प्लेअर नाहीच. समोरच्या कप्प्यात चिकटपट्टीने लावलेला एक छोटा कॉम्प्युटर, जेवणाच्या डब्याएवढा, आणि डॅशबोर्डवर एक स्क्रीन.

"गाणी सगळी त्यातच आहेत," नेमोतो म्हणाला. "सिगरेट पेटवायच्या भोकातून करंट घेतो."

"डब्यात काय, भातपण आहे का?" त्सुनोदाने विचारलं. सगळे हसले. त्सुनोदाचं आयुष्यातलं शेवटचं निखळ हसू ते.

कारण बाई व्हॅनमध्ये बसल्या, आणि नेमोतो व्हॅनला वळसा घालून येईपर्यंत झोपल्या. दुसरं कडवं वगैरे काही नाही. चाळीस मिनिटं झोपल्या. आणि तोंड उघडं टाकून झोपल्या.

त्सुनोदाच्या गाडीत नऊ वर्षांत बाईंचं तोंड कधी उघडलं नव्हतं.

बाई झोपल्या की दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. त्यामुळे व्हॅनमधला आवाज दुसऱ्या कुणाला ऐकायलाच मिळाला नाही. बाई उठल्या तेव्हा जेवायची वेळ झाली होती. "कुठे काही खटकलं नाही," बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही न ऐकलेला तो आवाज त्या दिवसापासून माएबाशीतला सर्वांत उत्तम आवाज ठरला.

"उघडं म्हणजे किती उघडं?" मिचियोने घरी विचारलं.

"दाढा दिसत होत्या. वरची कवळी आहे, बाहेर कुठेतरी करून घेतलेली. काम सुमार."

"अहो, त्या सायकलच्या दुकानातल्या ओगिवाराने मला भर रस्त्यात 'सुंदर दिसता' म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटलंत."

"तो विषय वेगळा."

"वेगळाच. त्यात फक्त बायको होती."

मे महिन्याच्या सुट्ट्यांत त्सुनोदाने तोच कॉम्प्युटर आणला. तोच म्हणजे अगदी तोच, रंगसुद्धा. सतरा किलोचा प्लेअर बाहेर काढताना त्याची कंबर धरली. प्लेअर त्याने घरात टोकोनोमात, म्हणजे बैठकीतल्या शोभेच्या कोनाड्यात ठेवला, जिथे आधी फुलं असायची. मिचियो त्या प्लेअरसमोरून जाताना हात जोडायला लागली. "कुटुंबातलंच गेल्यासारखं वाटतं हो," ती म्हणायची. कोबीचा गड्डा आता डिकीत मावत होता, पण ते तिने त्याला सांगितलं नाही. त्याचा चेहरा तसा नव्हता.

कॉम्प्युटरचा स्वभाव त्सुनोदाला लवकरच कळला. गाडी बंद करायला किल्ली फिरवली, की करंट पटकन जातो आणि त्या डब्याला वाटतं, आपल्यावर हल्ला झाला. पुढच्या वेळी सुरू होताना तो आधी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघतो, काही हरवलं का म्हणून. मग तासाभराने गाणं. त्याला किल्ली फिरवण्याआधी शांतपणे, रीतसर निजवावं लागतं. त्सुनोदा रोज संध्याकाळी गाडीत बसून त्याला निजवू लागला. मिचियो स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायची आणि आपल्या लेकीला त्याने एकदा तरी असं निजवलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न करायची.

जूनच्या पहिल्या रविवारी बाई त्सुनोदाच्या गाडीत बसल्या. गाणं लागलं. खरोखर उत्तम लागलं. गायिका आवंढा गिळते तेसुद्धा ऐकू येत होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. बाईंची मान सरळच. चौथ्या गाण्याला बाई उतरल्या, छत्री सावरली आणि म्हणाल्या, "फार छान."

बसचा निवृत्त ड्रायव्हर कुसाकाबे उगाच आपल्या गाडीचा आरसा पुसू लागला.

बाई तिथून सरळ व्हॅनमध्ये गेल्या आणि दार लागताच झोपल्या. तोंड एप्रिलपेक्षाही मोठं.

"काय फरक आहे?" त्सुनोदा नेमोतोला म्हणाला. "डबा तोच. वायर माझी चांगली. स्पीकर तर तुझे खेळण्यातले आहेत."

"खरंय, त्सुनोदा-सान," नेमोतो म्हणाला, आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

हा नम्रपणा त्सुनोदाला सर्वांत जास्त झोंबला. नेमोतोने मिजास केली असती तर निदान राग धरता आला असता. मंडळी नदीच्या बाजूला कॉफीच्या मशीनकडे वळली, तसा त्सुनोदा मागे राहिला. नऊ वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं. व्हॅनचं मागचं दार बोटभर सरकवलं, अंग चोरून आत शिरला आणि दार ओढून घेतलं. आता ऐकणारच, असं ठरवून त्याने डोळे मिटले.

काही नाही.

त्याने कान टवकारले. कानाचा मळ असेल म्हणून करंगळी घालून बघितली. काही नाही. मग पुढच्या दोन सीटच्या मधून स्क्रीनकडे नजर टाकली. तिथे लिहिलं होतं: तपासणी सुरू आहे, कृपया बंद करू नये, नऊ टक्के.

त्सुनोदा थिजला. हा पोरगा डब्याला निजवत नव्हता. किल्ली फिरवून सरळ घरात जात होता. एप्रिलमध्ये, मेमध्ये, आज, या व्हॅनमध्ये एकही सूर वाजला नव्हता. बाई निव्वळ शांततेत झोपत होत्या, आणि त्या शांततेपुढे आपले तीन अ‍ॅम्प्लिफायर, मनगटाएवढ्या वायरी आणि कंबर हरली होती. माणसाचा हेवा करता येतो, त्याच्या पैशाचा, त्याच्या बायकोचा करता येतो. काहीच नसण्याचा हेवा कसा करायचा ते त्सुनोदाला शिकवलेलं नव्हतं. तरी त्याला तो जमला. तो नाकातून जोरजोरात श्वास घेत बसला, आणि समोर बाई घोरत राहिल्या, डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारख्या.

वीस मिनिटांनी, सगळ्यांना काय काय सांगायचं ते मनात पक्कं करून, त्याने दार सरकवलं.

बाहेर सगळे उभे होते, अर्धगोलात, मान खाली घालून. त्यांच्या मधोमध, मागच्या दारापाशी, त्सुनोदाचे बूट होते. चोरून शिरतानाही त्याने ते काढले होते आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून, जोडीने, नीट लावून ठेवले होते. दुसऱ्याच्या गाडीत बूट घालून कोण जातं?

"बाई झोपलेल्या असताना," कुसाकाबे हळू आवाजात म्हणाला. "नऊ वर्षं ओळखतो तुम्हाला."

"दारूबिरू घेतली का सकाळीच?" कुणीतरी विचारलं.

त्सुनोदाने एका पायात बूट घातला. आता सांगायचंच होतं. त्याने नेमोतोकडे पाहिलं. नेमोतोचा चेहरा कोन्याकूसारखा राखाडी पडला होता आणि तसाच थरथरत होता. गाणं सुरूच झालं नाही हे सांगायला तो पहिल्या दिवशीच दाराशी गेला असणार, आणि बाई झोपलेल्या. मग दार कसं उघडणार? पण सांगितलं की दुसरा प्रश्न येणार होता, तोही त्सुनोदाला आत्ताच, एका बुटावर उभं असताना सुचला. बाईंना शांततेत इतकी गाढ झोप लागते, तर नऊ वर्षं माझ्या गाडीत त्या गाण्यामुळे झोपायच्या, की गाण्यातूनही वाट काढून?

"कसा आहे आवाज?" कुसाकाबेने विचारलं. राग होता, पण उत्सुकता मोठी होती.

"चांगला आहे," त्सुनोदा म्हणाला. दुसरा बूट घातला. "तळाचे सूर जरा जास्त वाटले."

"कमी करतो, त्सुनोदा-सान," नेमोतो कंबरेत वाकून म्हणाला.

तेवढ्यात बाई जाग्या झाल्या. त्यांनी काच खाली घेतली. गालावर सीटच्या शिवणीचा वळ उमटला होता, आणि नऊ वर्षांत कुणी पाहिली नव्हती अशी तृप्ती चेहऱ्यावर होती.

"नेमोतो-कुन, आज वेगळं काय केलंस?"

"मी? काही नाही, बाई."

"नाही कसं. आज पहिल्यांदाच आवाजाला मागून खोली होती. हळू, एका लयीत, समुद्र असावा तशी. आधीच्या दोन वेळा हे नव्हतं. तेव्हा झोप लागायची, पण आत कुणी नाही असं वाटायचं. हे असंच ठेव, बदलू नकोस."

बाई उतरल्या, छत्री उघडली आणि चालू लागल्या. मंडळी त्यांच्यामागे गेली. व्हॅनपाशी दोघेच उरले.

नेमोतोने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग त्सुनोदाच्या छातीकडे, मग नाकाकडे. ती नजर त्सुनोदाने लगेच ओळखली. गेले दोन महिने रोज दाढी करताना ती त्याला आरशात दिसत होती.

"त्सुनोदा-सान," नेमोतो शेवटी म्हणाला, "जुलैत तुम्ही कुठल्या गाडीत बसणार?"

"बघू," त्सुनोदा म्हणाला, आणि मुद्दाम नाकातून एक लांब श्वास सोडला.