लॅमिनेट केलेला रिपोर्ट

गुढियारीतल्या लहानू मेश्रामांनी बायकोचा कॅन्सरचा रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवला होता. रेल्वेच्या नोकरीतली सवय, महत्त्वाचा कागद खराब होऊ द्यायचा नाही. त्या रिपोर्टवरून सुरू झालेल्या कॅन्सरच्या गोळीने बायकोच्या, म्हणजे शेवंताबाईंच्या, फुप्फुसाला दीड वर्ष आराम दिला. आता खोकला परतला होता, मानेत गाठ आली होती. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला उद्या बोलावले होते.

"जायचं नाही," लहानू म्हणाले. "सुई टोचली का गाठ चवताळते. आन् रिपोर्ट हाये ना आपल्यापाशी!"

"बाबा, वो पुराना है," हिंदी शाळेत शिकलेली मुलगी चेतना म्हणाली.

"तू चूप राय, पोट्टी!"

तेवढ्यात शेजारचे देवीदास गजभिये आत आले. त्यांची पत्नी विमला कॅन्सरनेच जाऊन चार महिने झाले होते. त्यांनी रिपोर्ट उचलला.

"तारीख पाय, लहानू. हा दीड वर्षापूर्वीचा कॅन्सर हाये."

"कॅन्सर काय ड्युटी बदलते का?"

"हव, बदलते! गोळीनं बऱ्याच पेशी मरतात. उरलेल्यातल्या काही दुसऱ्याच प्रकारच्या होऊन जातात. मंग जुनी गोळी त्यायच्यावर चालत नाही."

"तुले काय मालूम?"

"विमलाले मीच सुई लावू देल्ली नाही." देवीदासांनी रिपोर्ट खाली ठेवला. "तीन महिने तिची जुनीच गोळी चारत राहिलो. शेवटी तपासलं, तं प्रकारच दुसरा! औषध होतं रे. पण तवापर्यंत ते झेलाची तिच्या आंगात ताकद नव्हती राहिली."

"आन् सुईनं पसरला तं?"

"हेच मी डॉक्टरले विचारलं. सुईनं पसरते हे लोकाईचं भेव हाये म्हणे. पण मी विचारलं लय उशिरा."

खाटेवरून शेवंताबाई खोकत उठल्या. "मान माही हाये. मले तं कोणी विचारूनच नाही राहिलं! मी जातो उद्या चेतनासंग."

लहानूंनी रिपोर्ट उचलून पिशवीत घातला. मग म्हणाले, "चेतनासंग काहून? मी मेलो का?"

आठ दिवसांनी नवा रिपोर्ट आला. कॅन्सरचा प्रकार खरोखरच बदलला होता! गोळी बंद झाली, सलाइनमधून दुसरे औषध सुरू झाले. आजार गेला नाही. पण तिसऱ्या सलाइननंतर शेवंताबाईंची रात्र खोकल्यावाचून गेली. चेतनाने विचारले, "इसको भी लॅमिनेट करवाऊँ?"

"नको," लहानू म्हणाले. "हाही बदलू शकते."

बंधूंनो, भगिनींनो, कॅन्सर रूप बदलतो. आपण जुना कागद आणि जुनी भीती धरून बसू नये. डॉक्टर पुन्हा तपासा म्हणाले, तर त्यांना कारण विचारा, आणि वेळेत विचारा. आणि जिच्या अंगावर सुई लागायची, तिला सगळ्यांत आधी विचारा.