काना काढलेला काल

मायाक्कानं घड्याळाची किल्ली तीनदा पिळली आणि तबकडीशी तोंड नेलं. शेजारचे घड्याळवाले चाचा गुलबर्ग्याला जाताना ते सांभाळायला देऊन गेले होते. “चाबी देको दिन का नाँव लेव, उधरीच ले जाता,” असं हसून सांगताना त्यांनी बजावलंही होतं, की त्याला त्यांच्या घरातलीच बोली कळते.

“आक्का, त्यांच्या बोलीत काल म्हंजी काय गं?” चुलतबहीण अंबूनं विचारलं.

“कल. काना काढायचा, झालं की!” दुसरी पास झालेली मायाक्का ऐटीत म्हणाली.

तिला कालचाच दिवस हवा होता. काल मंगळवारच्या बाजारात काकणं बघायच्या नादात तिच्या हातून शेळीचं दावं सुटलं, आणि शेळी गर्दीत कुठं गेली ती गेलीच. आईला दूध नव्हतं. तान्ह्या येडूचं पोट त्या शेळीवर होतं. सकाळपासून पोर पेजेला तोंड लावत नव्हतं. नुसतं रडत होतं. मेलं ते दावं एकदा घट्ट धरायला मिळू दे!

“कल,” ती म्हणाली.

मिलचा सकाळचा भोंगा झाला. दोघी गल्लीत, लिंबाच्या आडोशाला उभ्या होत्या. समोर त्यांच्याच दारात शेळी मरून पडली होती. गळ्यात दावं तसंच, नरडं कुत्र्यांनी फोडलेलं. मायाक्काचा बाप बिरप्पा तिच्यापाशी उकिडवा बसला होता.

“माघारी आली व्हती की गं,” तो आत बायकोला सांगत होता. “रातभर दार वाजत व्हतं. मला वाटलं, वारं हाय. कडी नसती तर शिरली असती आत.”

मायाक्कानं दाराच्या कडीकडं पाहिलं. तिन्हीसांजेला कडी लावायचं काम रोज तिचंच.

“पर काल तर ती बाजारात हरवली व्हती की,” अंबू कुजबुजली.

“काल कुटलं, खुळे! चाचा गिऱ्हाइकाला रोज काय सांगत्यात? कल आव! त्यांच्यात उद्याला बी कलच.” मायाक्कानं पदरानं नाक पुसलं आणि घाईघाईनं किल्ली पिळली. आज म्हणजे तरी दोन्हीकडं आजच.

“आज!” ती ओरडली, आणि किल्ली मोडून हातात आली.

घरात आई चूल पेटवत होती. बाहेर दिवस मावळत होता. कालचा दिवस आता काही मिळायचा नव्हता. मायाक्कानं दार सताड उघडलं, फळीला वरवंटा लावला आणि उंबऱ्यात फतकल मारून बसली. अंबू कुत्री हाकायला काठी घेऊन शेजारी टेकली.

“मायाक्के, कडी लावली का न्हाय?” आतून बिरप्पानं विचारलं.

“उद्या लावली व्हती, आप्पा,” ती म्हणाली. “आज न्हाय लावायची.”