काटा हिरव्या पट्ट्यात

प्रीतीने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि पडद्यावरच्या लाल दिव्याला खुशाल लुकलुकू दिलं.

शेजारी अंकितची चुळबुळ सुरू झाली.

"ताई, दाबा ना काहीतरी. अलार्म वाजून राहिला."

"वाजू दे."

महाल भागातल्या एका सभागृहात मराठी व्हिडिओ गेमच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. निकाल पाच वाजता. परीक्षक दोघंच. अंकितचे गेमचे व्हिडिओ कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ होते. प्रीती दहा वर्षं गोष्टीवाल्या गेमची परीक्षणं लिहीत होती. तिची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. दारात राक्षस उभा असला तरी ती त्याला ताटकळत ठेवायची आणि आधी कपाटातली चिठ्ठी वाचायची. लोक हसायचे. ती हसू द्यायची. गोष्ट आपल्याला कळते, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

हा गेम रोशन नावाच्या मुलाने एकट्याने केला होता. एका वीज केंद्राची कंट्रोल रूम, आठ ते चारची पाळी, टेबलावर वीसेक बटणं आणि मधोमध एक मोठं लाल. अंकित सकाळपासून सहा वेळा खेळून चुकला होता. कुठलंही बटण दाबा, शेवट एकच. सगळ्या शहराची वीज गुल. शेवटी वैतागून त्याने शेरा लिहून टाकला, 'गेम अर्धवट आहे, पुरा होतच नाही.' त्याखाली प्रीतीची सही झाली की रोशन बाद.

सही करण्याआधी एकदा खेळते, म्हणून ती बसली आणि पहिल्याच मिनिटाला तिने टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत जुन्या पाळ्यांची वही होती. एकाच नेटक्या अक्षरात पानामागून पान: काटा हिरव्या पट्ट्यात, सर्व सुरळीत. एका पानावर तेवढं वेगळं होतं. 'दिवा लुकलुकला. काटा पाहिला. हिरव्यात होता. हात लावला नाही.'

"तू वाचली ही वही?"

"चार पानं वाचली. सारखंच लिहून आहे ना सगळं."

"तेच तर."

मग ती नुसती बसली. गेममधला एक तास म्हणजे चार मिनिटं. दर तासाला ती काटा बघायची आणि वहीत नोंद करायची. लाल दिवा आपोआप विझला. एक वाजता तिने गेममधला डबा उघडून जेवणही केलं. अंकित आधी मोबाईल बघत होता. पडद्यावरच्या घड्याळात दोन वाजत आले तसा त्याने तो खिशात घातला.

"ताई, काटा हलून राहिला."

"हिरव्यात आहे ना?"

"आहे, पण पार काठावर."

"काठ हिरवाच असतो."

म्हणाली खरी, पण बोट माऊसकडे निघालं होतं. तिने ते मुठीत आवळून धरलं. काटा थरथरला आणि हळूहळू मध्यावर आला.

चार वाजता दार उघडून पुढच्या पाळीचा माणूस आला. त्याने पिशवी अडकवली, वही चाळली.

'काही झालं का गा?'

उत्तराला पडद्यावर एकच ओळ होती: 'नाही, काही नाही.' प्रीतीने ती दाबली. खिडकीचा पडदा सरकला आणि शहर दिसलं. पिठाची गिरणी चालू होती, दवाखान्यात पंखे फिरत होते, एक बाई शाळेच्या शर्टाला इस्त्री करत होती. खाली अक्षरं आली, 'समाप्त'.

अंकितने आपला शेरा फाडला.

"मी सहा वेळा बुडवलं हे शहर."

"बटण दिसलं की आपण दाबतोच रे," ती म्हणाली आणि दहापैकी नऊ गुण लिहिले. वहीतलं अक्षर बारीक होतं, म्हणून एक कापला.

पाच वाजता पहिलं बक्षीस रोशनला मिळालं. तो वडिलांना घेऊन आला. बळीराम खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं होते. वहीतलं अक्षर त्यांचंच. प्रीतीला फार बरं वाटलं. बटण न दाबण्याची गोष्ट आपण ओळखली, ती बरोबर निघाली होती.

"काका, हा गेम तुमच्याइतका सहज कोणी पुरा केला नसेल."

रोशन ओशाळला.

"बाबाले एकदाबी जमला नाही, मॅडम."

"काहून?" अंकितने विचारलं.

बळीराम तोवर खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, गेम सुरू केला. ड्रॉवर उघडला नाही, काट्याकडे पाहिलं नाही. सरळ मधलं लाल बटण दाबलं. गिरणी थांबली, पंखे थांबले, पडदा काळाठिक्कर झाला. त्या अंधाराकडे ते टेकून बसून बघत राहिले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"एकतीस वर्सं समोरच होतं ना माह्या," ते म्हणाले. "लाव रे रोशन, पुन्हा एकदा लाव."