सिस्टरांच्या चढणीसाठी चार चाकं

पहिला बर्फ पडला की आमच्या अर्ध्या गावाला एकाच सकाळी आठवतं, गाडीला अजून उन्हाळी टायर आहेत. मग ते सगळे मला फोन करतात. सागने नदीच्या काठी बाबांनी थाटलेलं टायरचं गॅरेज मी बावीस वर्षं चालवतेय. एक डिसेंबरच्या आत हिवाळी टायर बसवायचे हा कायदा आहे, दर वर्षी पेपरात येतो आणि दर वर्षी लोकांना नवीन वाटतो. नोव्हेंबरात माझा स्वभाव कसा असतो ते माझ्या नवऱ्याला विचारा.

यंदा ओदिलों काका मात्र ऑक्टोबरातच हजर झाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वय एकाहत्तर, कागद गिरणीतून निवृत्त, काकू जाऊन सहा वर्षं झालेली. उन्हाळ्यात त्यांनी नवी एसयूव्ही घेतली होती, तीही सगळ्यात वरच्या मॉडेलची, वीस इंची चकचकीत चाकांची. नाकापेक्षा मोती जड, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. आता त्यांना त्याच चाकांवर त्याच मापाचे हिवाळी टायर हवे होते.

मी नाही म्हटलं. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापत खाली रस्त्याला भिडतो. चाक लहान घ्यायचं, त्यावर रबर उंच घ्यायचं, म्हणजे एकूण उंची तेवढीच राहते, काटा वेग खोटा दाखवत नाही आणि खड्ड्यात चाकाची कडही वाकत नाही. हे मी रोज दहा जणांना सांगते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण दिसायला वीस इंची बरी दिसतात.

"काका, ताकाला जाऊन भांडं लपवू नका," मी म्हटलं. "कुणाला दिसायला?"

काकांचे कान लाल झाले. हळूहळू सगळं बाहेर आलं. सिस्टरांच्या चढणीवर, नन्सच्या जुन्या मठाच्या मागे, युगेतबाई राहतात. माझ्या चौथीच्या बाई आणि काकांच्या शाळेतल्या वर्गमैत्रीण. त्यांचा नवरा क्लोविस जाऊन नऊ वर्षं झाली. उन्हाळाभर काका दर रविवारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला आणि ब्लूबेरीचा केक खायला जात होते. सप्टेंबरात काकांनी धीर करून विचारलं, उरलेलं आयुष्य एकत्र काढू या का. बाई म्हणाल्या, उन्हाळ्यात वर येणारे पुष्कळ असतात, ओदिलों. जानेवारीत आलास तर बघू.

ती चढण मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात टपालाची गाडी तिथून दोनदा उलटी घसरत खाली आली होती. मी काकांना सरळ सांगितलं, वीस इंचीवर तुम्ही जानेवारीत मठापर्यंतसुद्धा पोचणार नाही.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगते. गाडी भंगारात जाते, पण तिची हिवाळी चाकं शेडमध्ये राहतात. कधीतरी लागतील म्हणून. काकांच्याही शेडमध्ये आधीच्या गाडीची चार सतरा इंची चाकं होती. त्यांनी ती तीन दिवस खपून घासली, चंदेरी रंगवली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे आणून मांडली. नवरदेव मुंडावळ्या बांधून आल्यासारखे काका उभे होते. मला हसू आवरेना.

पुढचं चाक चढवलं. बोल्टची भोकं जुळली, मधलं भोक जुळलं. मी हाताने चाक फिरवलं, तर ते अर्धा फेरा जाऊन खर्रकन अडकलं आणि आतल्या बाजूचा नवा रंग खरवडून निघाला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. वरच्या मॉडेलला मोठ्या चाकांबरोबर मोठे ब्रेकही येतात. सतरा इंचीत ते मावत नव्हते. अठरा इंची हवी होती आणि ती आमच्या भागात कुणाकडेच शिल्लक नव्हती. मागवली तर फेब्रुवारी उजाडणार होता. काकांनी ती रंगवलेली चाकं एकेक करून परत गाडीत भरली, आणि मला फार वाईट वाटलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मंगळवारी युगेतबाई त्यांच्या छोट्या गाडीचे टायर बदलायला आल्या, तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं, रंगासकट. बाईंनी ऐकलं, हातमोजे घातले आणि गेल्या. मला वाटलं, झालं, मी काकांचं होतं नव्हतं ते घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. मागची सीट पाडून त्यांनी गाडीत चार चाकं कोंबली होती. "क्लोविसच्या गाडीची," त्या म्हणाल्या. "का ठेवली होती ते विचारू नकोस. माप घे."

मी माप घेतलं. अठरा इंच. त्याच कंपनीची गाडी, तीच भोकं. रबर वाळून लाकूड झालं होतं, ते उतरवावं लागलं, पण चाकं खणखणीत होती. नवे टायर बसवले, वीस इंचीच्या मानाने अरुंद आणि तेवढेच उंच. पुढच्या चाकाला लावून फिरवलं, तर कुठे घासलं नाही. हे सगळं चाललं असताना काका समोर उभे होते. मी फोन करून बोलावलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तू तर म्हणाली होतीस, जानेवारीत बघू."

"मग बघायला तू वर यायला नकोस का?" बाई म्हणाल्या.

मी खाली वाकून उगाच बोल्ट मोजले. डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. चाकांच्या आतल्या बाजूला पिवळ्या खडूने क्लोविसच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पुढचं डावं, मागचं उजवं. मी सवयीने फडकं उचललं.

"पुसू नकोस, मार्जो," काका म्हणाले. "त्याने लिहिलंय तिथेच लाव. ती चढण त्याच्या पायाखालची होती."

दुपारी बर्फ सुरू झाला आणि फोन खणखणू लागले. मी एकही उचलला नाही. दारात उभी राहून चढणीकडे बघत होते. पुढे बाईंची छोटी गाडी होती आणि तिच्यामागे काकांची, काळ्या साध्या चाकांची. मठापाशी दोन्ही वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. वीस इंची चकचकीत चाकं काका माझ्याकडेच विसरून गेले होते.