लाल रुमालाची बदकवाली

रविवारी जेवणं उरकली की वेंदेलीन चढ चढून ब्लाझेनाकडे येई. दारात बूट काढी, सपाता पायात सरकवी आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसे. मग कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एखादी काचेची बाहुली काढून तिच्यासमोर ठेवी आणि निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राही.

"लिबुशेचीच ना?"

ब्लाझेना बाहुली उजेडात धरी, उगाच फिरवून बघी. "लिबुशेचीच," म्हणे. मग कॉफी होई.

लिबुशे त्याची बायको. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. झेलेझ्नी ब्रोद या काचकामाच्या गावात त्या काळी कितीतरी घरांत बायका गॅसच्या ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून बाहुल्या ओढत असत. वादक, हरणं, बर्फावर घसरत जाणाऱ्या पोरी. माल खोक्यांत भरून कारखान्यात जाई आणि तिथून परदेशी. बाहुलीवर कुणी आपलं नाव घालत नसे, खोक्यावर तेवढं असे. घरी काही ठेवून घेण्याची सोयच नव्हती. बिघडलेली बाहुलीसुद्धा मोडून परत ज्योतीत जाई. त्यामुळे लिबुशे गेली तेव्हा तिच्या हातची एकही वस्तू घरात उरली नाही.

वेंदेलीन रेल्वेत गार्ड होता. पाळी संपवून घरी येई तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोच्या नावाची खोकी दिसत. त्यांत कापसावर निजलेल्या घसरणाऱ्या पोरी असत, वाऱ्यावर रेलल्यासारख्या एका अंगाला कललेल्या. तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. त्या आठवणीच्या आधारावर तो जुन्या वस्तूंच्या बाजारांतून हिंडे आणि तशी कललेली पोर दिसली की घासाघीस न करता घेई. घरी त्याने काचेचं एक कपाट भरलं होतं.

कपाटातल्या त्या सगळ्या पोरी ब्लाझेनाच्या हातच्या होत्या.

दोघी तेव्हा शेजारणी. लिबुशेला तोंड होतं आणि ब्लाझेनाला हात होते. कारखान्यातल्या कारकुनासमोर उभं राहायचं म्हटलं तरी ब्लाझेनाची जीभ टाळूला चिकटे. म्हणून लिबुशेच दोघींचा माल आपल्या नावाच्या खोक्यांतून नेई, चांगल्या काचेसाठी भांडे, पैसे आणून निम्मे टेबलावर ठेवी. स्वतः ओढायला बसली की मात्र तिची बाहुली तपासनीस हटकून बाजूला काढी. दोघींचंही त्यात बरं चाललं होतं आणि पुरुषमाणसांना हे सांगायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

वेंदेलीन पहिल्यांदा बाहुली घेऊन आला तेव्हा "ही माझी" हे शब्द ब्लाझेनाच्या ओठांवर आले होते. पण त्याचे डोळे भरलेले दिसले आणि ती हो म्हणून बसली. पुढच्या रविवारी तो दुसरी घेऊन आला. तेव्हाही कीव आली म्हणूनच हो म्हटलं, असं तिने स्वतःला सांगितलं. पण नंतर ती शनिवारी केक भाजून ठेवू लागली, आणि मग स्वतःला काही सांगण्यात अर्थ राहिला नाही. आठवडाभर तिच्या घरी दुसरं कुणी येत नसे. पोस्टमनही फाटकाशीच थांबे.

जानेवारीतल्या त्या रविवारी तो आला तो तोंड पाडूनच.

"ब्लाझेनाबाई, घात झाला. धूळ पुसताना बाही लागली."

त्याने रुमाल उलगडला. सगळ्यात देखणी घसरणारी पोर, आणि तिच्या गळ्यामागे उडणारा लाल मफलर मुळाशी तुटलेला. त्याचा पार चुरा झाला होता.

"अहो, रडता काय असे? मफलरच गेलाय, मान शाबूत आहे."

"जोडाल?"

"कशाने जोडू? हा लाल आता कुठे मिळतो? दुसरा लाल लावला तर या काचेला धरणार नाही. आज बसेल, उद्या तडकेल."

"ते ठाऊक आहे मला. इतकी वर्षं काय नुसती तुमची कॉफी पितोय का?" त्याचा चेहरा जरा उजळला. त्याने दुसऱ्या खिशातून एक बाहुली काढली. "तोच लाल आहे. काल बाजारात एका टोपलीत तळाशी पडली होती. विकणारा म्हणाला, फुकट घेऊन जा, आजोबा."

दोन बदकं घेऊन निघालेली एक म्हातारी होती ती. डोक्याला लाल रुमाल, नाक बटाट्यासारखं, आणि पाय हे एवढाले, पसरट.

"कुणा शिकाऊ पोरीची असणार," वेंदेलीन हसत म्हणाला. "पाय बघा! बदकांचे पाय म्हातारीला लावलेत आणि म्हातारीचे बदकांना. डोक्यावरचा रुमाल वितळवा आणि त्याचा मफलर ओढा. बाकीची द्या कचऱ्यात."

ब्लाझेनाने बदकवाली हातात घेतली. उजेडात धरण्याची गरजच नव्हती. पडू नये म्हणून लिबुशे प्रत्येकीला असे पाय लावायची. "दिसेना का वाईट, उभी तर राहील," म्हणायची, आणि तपासनिसाने बाजूला काढली की पोट धरून हसायची. ही त्याच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे.

"होईल ना?" वेंदेलीनने विचारलं.

"बघते," ती म्हणाली.

तिने ज्योत पेटवली. जुनी काच एकदम आगीत धरली तर फुटते. आधी ज्योतीच्या कडेला दुरून शेकत, फिरवत ऊब द्यावी लागते. ती बदकवालीला फिरवू लागली. तेवढाच वेळ हाताशी होता. रुमाल वितळला की झालं. पुढच्या रविवारी तो येईल, त्याच्या पुढच्याही येईल. कचऱ्यात काय गेलं हे तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. रुमालाची कड लालभडक दिसू लागली.

ब्लाझेनाने हात मागे घेतला आणि गॅस बंद केला.

"काय झालं?"

"ही लिबुशेची आहे."

वेंदेलीन हसला. "चेष्टा करताय, बाई."

"पाय असेच करायची ती. पडू नये म्हणून."

तो बराच वेळ बदकवालीकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरच्या मोडक्या पोरीकडे बोट केलं. "आणि ही?"

"माझी."

"कपाटातल्या?"

"माझ्याच."

"सगळ्या?"

तिने मान हलवली.

"तुम्ही तर दर वेळी सांगायचात..."

"सांगायचे खरी."

"का पण, बाई?"

"तुम्ही रविवारी यायचात," ती म्हणाली. एवढं एकच वाक्य तिला सुचलं.

तो उठला आणि बदकवालीकडे हात नेला, तसा तिने तो अडवला. "गरम आहे. बाहेरच्या थंडीत नेलीत तर दारातच फुटेल." तिने बाहुली राखेच्या डब्यात पुरली आणि झाकण लावलं. निवेपर्यंत थांबणं भाग होतं. तो परत बसला. केक कापलेला तसाच होता. दोघांपैकी कुणीच त्याला हात लावला नाही.

"चांगलं काम जमायचं नाही तिला?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही जमायचं. पण माझं बोलणं तीच बोलायची."

"मला कधी म्हणाली नाही."

"तुम्ही विचारलंत का?"

त्याने टेबलावरची मोडकी पोर जरा बाजूला सारली. मग म्हणाला, "कपाटातल्या आणून देतो. तुमच्या तुम्हाला."

"मी काय करू त्यांचं?"

"मी तरी काय करू?"

राख निवली. त्याने बदकवाली रुमालात गुंडाळली, पण या वेळी खिशात ठेवली नाही. मोडकी पोर टेबलावरच राहिली. ती विसरली की सोडली, हे ब्लाझेनाला विचारवलं नाही.

ती खिडकीशी गेली. बाहेर पायऱ्यांवर बर्फ घट्ट झालं होतं. वेंदेलीन दोन्ही हातांनी बदकवाली छातीशी धरून एकेक पायरी चाचपडत उतरत होता.

"कठडा धरा," ब्लाझेना म्हणाली. खिडकी बंद होती. तो तसाच, कशालाही न धरता, खाली उतरत गेला.