फितूर कोण?

ट्रास्कचा फोन आला तेव्हा मार्लेटा केसेनिक तळघरात नवऱ्याचे मोजे जोडीला लावत बसली होती. एवढ्या मोठ्या राज्याच्या विधिमंडळातली सिनेटर, पण मोजे काही आपोआप जोडीला लागत नाहीत.

"सिनेटरबाई, उद्या तुम्ही विरोधात जाणार म्हणे," राजधानीतल्या पक्ष कार्यालयातला ट्रास्क म्हणाला. हा माणूस धमकीसुद्धा अशी देई की ऐकणाऱ्याला वाटावं, तब्येतीची चौकशी करतोय. "तोवर ब्र काढणार नाही आणि ऐन वेळी 'नाही' म्हणणार. बरोबर ना?"

बरोबर होतं. नको इतकं बरोबर होतं. 

"कोण म्हणालं?"

"तुमचीच माणसं. तुमचं भलंच चिंततात हो ती. मीही चिंततो, म्हणून सांगतो, मे महिन्यात पक्षाची प्रायमरी आहे, उमेदवारी तिथेच ठरते. उद्या मत चुकलं तर तुमच्यासमोर कुणीतरी उभा राहील. आणि तो एकटा उभा नसेल."

मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायचं विधेयक होतं ते. वॉशिंग्टनच्या बड्या साहेबांना ते हवं होतं, म्हणून गव्हर्नरला हवं होतं, म्हणून बाकी सगळ्यांनाही हवंच होतं. मार्लेटाला नको होतं. तिची काउंटी, म्हणजे जिल्हाच, मधोमध चिरून अर्धी कुठल्या तरी लांबच्या शहराच्या गळ्यात बांधणार होते, आणि इथल्या मक्याच्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकायला मग कुणाला वेळ असणार होता? पण हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. नवऱ्यालाही नाही. वेंडेल चांगला माणूस, पण धान्याच्या कोठारावर सकाळची कॉफी प्यायला बसला की त्याच्या तोंडाला झाकण राहत नसे.

ते एक माणूस म्हणजे जोनीन हॅल्विक. सोळा वर्षं मार्लेटाची प्रत्येक निवडणूक हिने लढवलेली. अंगणात प्रचाराच्या पाट्या ठोकण्यापासून ते भाषणं लिहून, त्यात मार्लेटाने घुसवलेली फुशारकी खोडण्यापर्यंत सगळं हीच करणार. "सिनेटर तू आहेस, पण डोकं माझं आहे," असं ती चारचौघांत म्हणे आणि मार्लेटा हसे.

त्या दिवशी मात्र मार्लेटाला हसू आलं नाही. मनात पाल चुकचुकली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने 'नाही' म्हटलं. विधेयक पडलं. महिना उलटायच्या आत कोल्बी रेनर नावाचा ट्रकच्या टायरांचा दुकानदार तिच्या विरोधात उभा राहिला. आजवर पक्षाच्या एका बैठकीला न फिरकलेला हा गडी, पण टीव्हीवर रात्रंदिवस तोच. पैसा कुठून आला ते कुणी विचारत नव्हतं आणि कुणाला माहीतही नव्हतं असं नाही. या भागात पक्षाची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक नुसती नावाला. म्हणजे जे काही व्हायचं ते मे महिन्यातच होणार होतं.

आणि मार्लेटा काय करत होती? जोनीनवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवत होती. जोनीन फोन घेऊन बाहेर गेली की ही खिडकीशी. जोनीनने विचारलं, "उद्या कुठल्या गावात जायचं?" की ही म्हणणार, "बघू." सोळा वर्षांत हिने तिला 'बघू' म्हटलं नव्हतं. जोनीन एकदा थांबली, चष्मा काढला, म्हणाली, "काय गं, काही झालंय का?"

"कुठे काय."

"नाही, तू माझ्याशी बँकेतल्या बाईसारखी बोलतेस म्हणून विचारलं."

मग आलं पक्षाचं वसंतातलं जेवण. शाळेच्या जिममध्ये लांब टेबलं, कोंबडी, हिरव्या शेंगा, आणि शेवटी 'पाय'चा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, लिलाव. हा इथला जुना रिवाज. प्रत्येक उमेदवाराच्या घरून एक पाय येतो, लोक त्यावर बोली लावतात, आणि कुणाच्या पायवर कोण हात वर करतं ते सगळी काउंटी बघून ठेवते. भाषणं कोण ऐकतो! मार्लेटाच्या सफरचंदाच्या पायवर चांगली बोली लागली. मग रेनरच्या बायकोचा चेरीचा पाय वर धरला, आणि जिममध्ये मागच्या बाकावरून एक हात वर गेला. जोनीनचा.

मार्लेटा लिलाव संपायच्या आत उठून गाडीकडे गेली.

गाडीपाशी जोनीन तो चेरीचा पाय हातात धरूनच आली. "असं बघू नकोस. कुणी बोलीच लावेना. पोरगी अगदी रडकुंडीला आली होती. मतं नाही देणार, पण एवढं तोंडघशी कशाला पाडायचं?"

"छान केलंस," मार्लेटा म्हणाली, आणि त्यातल्या एका अक्षरावरही तिचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने वेंडेलला जोनीनकडे धाडलं, प्रचार कार्यालयाची किल्ली परत आणायला. स्वतः गेली नाही. तोंड द्यायची हिंमत नव्हती, आणि ही बाई म्हणे गव्हर्नरला घाबरली नाही!

जोनीनने किल्ली दिली. का, ते विचारलं नाही.

मतदानाला आठवडा उरला असताना मार्लेटा दारोदार फिरत इर्मा डोलेझलच्या घरी पोचली. इर्मा चर्चमधली सगळ्यांत जुनी बाई. तिने हात धरून आत नेलं, कॉफी ओतली.

"मत तुलाच गं," इर्मा म्हणाली. "तुझ्यासाठी किती प्रार्थना केली आम्ही त्या बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

"त्या मतदानाच्या आधीच्या. तूच नाही का चर्चमध्ये उठून म्हणालीस, मला परवा मोठ्या लोकांना नाही म्हणायचंय, तोवर तोंड बंद ठेवायचं आणि ऐन वेळी उघडायचं बळ मिळू दे? मी घरी आले ती थेट फोनपाशी. आपली प्रार्थनेची साखळी नाही का! मी लोइसला सांगितलं, लोइसने पुढच्या दोघींना, मग पक्षाच्या जिल्हाध्यक्षांच्या बायकोला. अर्ध्या तासात सगळी काउंटी गुडघ्यांवर होती बघ."

 मार्लेटाने स्वतःच सांगितलं होतं. उभं राहून, डोळे मिटून, सगळ्या चर्चला. ते सांगणं होतं असं तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं, कारण देवाला सांगितलेलं इथे कुणी सांगण्यात धरतच नाही. लहानपणापासून दर बुधवारी तिने असंच काहीबाही मागितलं होतं, दुखरा गुडघा काय, सुनेचं बाळंतपण काय. त्यातच हेही मागून मोकळी झाली होती.

कॉफी तशीच ठेवून ती उठली आणि गाडी सरळ जोनीनच्या दारात नेली.

जोनीन अंगणात कांद्याची रोपं लावत होती. उठली नाही.

"जोनीन, माझं चुकलं. मला वाटलं तू त्यांना सांगितलंस. ते मीच... चर्चमध्ये... इर्माने आत्ता सांगितलं. मला लाज वाटते गं. काय बोलू?"

"मला कळलं होतं तुला काय वाटतंय ते," जोनीन म्हणाली. "किल्ली मागायला नवऱ्याला पाठवलंस तेव्हाच कळलं. तो ट्रास्क मला जानेवारीपासून फोन करत होता. दर आठवड्याला. मी त्याला काय काय ऐकवलं ते चारचौघांत सांगता येणार नाही."

"मला बोलली का नाहीस?"

"तुला आधीच कमी घोर होता का?" तिने मातीचे हात झटकले. "किल्ली गेली त्या संध्याकाळी त्याचा परत फोन आला. त्या वेळी मी ऐकून घेतलं."

मार्लेटा तिच्यासमोर मातीतच बसली.

"उद्या घरोघरी पत्रक येईल. माझा फोटो आहे वर. खाली लिहिलंय, सोळा वर्षं मी मार्लेटा केसेनिकच्या पाठीशी होते, या वेळी मत कोल्बी रेनरला."

"जोनीन, थांबव ना ते. अजून काही..."

"छापून पोस्टात पडलंय."

"एवढंच लिहिलंय?"

"अजून एक ओळ आहे. या बाईचा आपल्या माणसांवर विश्वास नाही, मग आपण तिच्यावर का ठेवायचा?"

मार्लेटाला वाटलं, ही ओळ तरी जोनीनची नसेल. ट्रास्कच्या पगारी माणसांचंच असलं काम. "ती ओळ त्यांनी घातली ना?" तिने विचारलं.

"नाही," जोनीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "तुझी भाषणं इतकी वर्षं मीच लिहिली. ती ओळ पण माझीच आहे."